बूट आणि पाय
किपचोगेचा मी भक्तच. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात त्याने मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. (विक्रमात नोंद नाही, तरी काय झाले!) पायात जाड फोमचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट. २०२० मध्ये जागतिक अॅथलेटिक्सने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर रोखली. हे वाचून मला रागच आला. पाय तर त्याचेच ना!

यंदा सुट्टीत बाबांनी मलाही जाड फोमचे बूट घेऊन दिले. क्रॉस कंट्रीत मी हाउसमधल्या मित्राला प्रथमच मागे टाकले. तो पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांत धावला होता. "मस्त धावलास," म्हणाला.

रविवारी आम्ही दोघेच धावलो. मी मुद्दाम कॅनव्हासचे बूट घातले. पहिल्या वळणापलीकडे तो दिसेनासा झाला.