टाळूवरचा लाल उजेड

डिसेंबर 2024 सरत असताना बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. काहींना आठवडाभरात टक्कल पडलं. आमच्या हिंगोलीहून बुलढाणा फार दूर नाही, मध्ये फक्त वाशीम. डोक्यावरून हात फिरवताना धास्ती वाटावी, असे ते दिवस.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांची तपासणी केली, तर रक्तात आणि केसांत, जादा झालं की केस गाळणारं सेलेनियम भरमसाट. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले.

अशा घाबरलेल्या माणसाला घरबसल्या मिळणारी, केस उगवण्यासाठीची लाल दिव्यांची टोपी मोठा आधार वाटते. ती थोतांड नव्हे. 1967 मध्ये बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर रुबी लेसरचा झोत सोडला, तेव्हा तिथले केस लवकर आले. 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 655 नॅनोमीटरच्या, अशाच लाल उजेडाच्या लेसर कंगव्याला पुरुषांसाठी परवानगी दिली, 2011 मध्ये स्त्रियांसाठी.

पण हा उजेड मुळं जिवंत असतील तिथेच, आणि मुख्यतः आनुवंशिक विरळपणावर चालतो. केसांचा भांग पाडून उजेड थेट टाळूवर पडू द्यावा लागतो; आठवड्यातून काही वेळा, महिनोन्‌महिने. सोडलं की गुण ओसरतो.

ताटातल्या विषावर, रक्ताच्या कमतरतेवर किंवा थायरॉइडवर त्याचा इलाज नाही. म्हणून टोपीसाठी हजारो रुपये मोजण्याआधी हिंगोलीच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना टाळू दाखवा, रक्त तपासून घ्या.