घाटातली ॲलिस

चि. सई,

परवा फोनवर म्हणालीस, साइटवर सगळे तुला मॅडम म्हणतात, पण नकाशा उलगडला की शेजारच्या पुरुषाकडे बघून बोलतात. तेव्हापासून ॲलिस ट्रेडवेल डोक्यातून जात नाही.

पुण्याला येताना कर्जतला आपल्या गाडीला मागून इंजिनं लागतात, तिथून तिचा भोर घाट सुरू होतो. मूळ रेल्वेमार्गावर २५ बोगदे आणि १,८३१ फुटांची चढण. १८५९ मध्ये इथलं काम पार विस्कटलं होतं. थकलेल्या मजुरीवरून दंगल झालेली, आधीचा ठेकेदार काम सोडून गेलेला. नवा ठेका घेऊन ॲलिसचा नवरा सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. ॲलिसला परतीचं जहाज धरता आलं असतं. तिनं ठेका स्वतःकडे ठेवला. ॲडमसन आणि क्लाउजर या दोन इंजिनिअरांवर तिनं घाटातलं काम सोपवलं. जबाबदारी मात्र तिची.

इंजिनिअरांनी बांधलं, मग तिनं काय केलं, असं विचारणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. जिथं मजुरीसाठी दंगल झाली, त्याच घाटात १८६१ मध्ये ४२ हजार माणसं कामावर होती. पटकीनं वस्त्या ओस पडायच्या, पावसाळ्यात काम थांबायचं. तरी माणसं पुन्हा यायची, कारण काम नीट चालवणारं कुणीतरी होतं. सई, तू बांधकामातली आहेस, याची किंमत तुला कळेल.

२१ एप्रिल १८६३ला मार्ग खुला झाला. चीफ इंजिनिअर बर्कलेचं नाव आपण वाचत आलो. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, त्याला लोक जाता-येता नाणं वाहतात. घाटाची वाट दाखवली म्हणतात त्या शिंग्रोबा धनगराची आठवण आपल्या माणसांनी ठेवली, याचं मला फार कौतुक आहे. ॲलिसची तशी आठवण कुणी ठेवली नाही. आणि डोक्यावर दगडमातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांची तर नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता येशील तेव्हा घाटातल्या मंकी हिलपाशी मोबाइल बाजूला ठेव, शेजारी बसलेल्याला ॲलिसचं नाव सांग. आणि साइटवर नकाशा तुझ्या हातात असेल, तर तो कुणाच्या हातात देऊ नकोस.

तुझी,
आत्या