माळ्यावरचा पेंढा

घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे म्हटलं की आज लोकांना लोकलची स्टेशनं आठवतात. आम्हाला आठवतात भाताची खाचरं, खाडीचे बांध आणि कुडाची घरं. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे नवं शहर आखलं गेलं आणि त्याच सुमारास जन्मलेली आमची आगरी-कोळी पिढी दोन्ही घरांत राहिली. लहानपण कुडाच्या घरात गेलं, पुढचं सगळं स्लॅबखाली. त्यामुळे भिंत थंड असते म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

कुडाची भिंत आम्ही डोळ्यांदेखत उभी राहताना पाहिली आहे. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी गारा लिंपायचा. गाऱ्यात खाचरातली चिकणमाती, शेण, पाणी आणि गिरणीवरून आणलेलं भाताचं तूस. तुडवायचं काम पोरांचं. गुडघ्यापर्यंत चिखल, पोटऱ्यांना टोचणारं तूस आणि वरून आज्यांचा दरारा. गोळा मुठीत दाबून बघायचा आणि हुकूम सोडायचा, "तूस टाक गो बाय, नायतं भेगा परतील!"

भेगांचं कारण खरंच होतं. माती सुकताना आकसते, तूस तिला धरून ठेवतं. पण त्याच तुसाने घरात गारवाही राहत होता, हे तेव्हा कुणी बोलून दाखवत नसे. तुसाचा एक दाणा हातावर घेऊन बघा. होडीच्या आकाराचं, पोकळ, खरखरीत टरफल. त्याच्या पोटात आणि दोन टरफलांच्या मधल्या सांदीत हवा अडकून बसते, आणि जागेवरून हलू न शकणारी हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. टरफलात सिलिका भरपूर असते, म्हणून ते लवकर कुजत नाही आणि भडकूनही पेटत नाही, नुसतं धुमसतं. मासळीबाजारात बर्फाची लादी भुशात पुरून वर गोणपाट टाकलेलं आम्ही रोज बघायचो. जो हिशोब त्या लादीचा, तोच आमच्या भिंतीचा.

छपराची गोष्ट तर आणखी नामी. भात झोडून झालं की दिवाळीनंतर पेंढ्याचे भारे माळ्यावर चढायचे. उरलेल्याची खळ्याशेजारी उडवी. गुरांचा वर्षाचा चारा तो. माघ-फाल्गुनात माळा कौलांपर्यंत ठासलेला असायचा, म्हणजे ऊन तापू लागायच्या वेळी डोक्यावर पेंढ्याचा जाड थर तयारच. वैशाखात त्याच पेंढ्यात आंब्याची आढी घालायचे. आंबा पिकताना स्वतःची ऊब सोडतो, पेंढा ती जाऊ देत नाही. वरून येणारं ऊन अडवणारा आणि आतली ऊब राखणारा पेंढा एकच. रात्री चोरून आढीत हात घातला की ती ऊब बोटांना कळायची, आणि खालून काकूची हाकही ऐकू यायची.

मग जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत आले. गावठाणात पक्की घरं उठली. पहिला स्लॅब पडला त्या दिवशी गावजेवण झाल्यासारखा थाट होता. शेत गेलं तशी गुरं गेली, गुरांपाठोपाठ पेंढा गेला आणि माळाच उरला नाही.

पहिल्याच मे महिन्यात सगळ्या आळीला स्लॅबचा स्वभाव कळला. दिवसभर तापलेला तो, रात्री दहानंतर उष्णता खाली सोडू लागायचा. पंखा लावला तर गरम वारा. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, ओलं गोणपाट अंथरायचं, चुना फासायचा आणि अखेर चटया घेऊन वर झोपायला जायचं. आळीतल्या सगळ्या गच्च्यांवर सगळी घरं झोपलेली, दोन गच्च्यांमधून गप्पा चाललेल्या. पुढे गच्चीवर पत्रे आले, त्यामागून एसी आले, आणि गप्पा बंद झाल्या.

आता तूस, पेंढा, उसाचं चिपाड दाबून केलेल्या उष्णतारोधक फलकांविषयी बरंच बोललं जातं. कल्पना जगाला नवी नाही. अमेरिकेत लुइझियानातल्या कारखान्यात १९२० च्या दशकापासून चिपाडाचे 'सेलोटेक्स' फलक बनत होते, आणि नेब्रास्कात लाकूड नव्हतं म्हणून लोकांनी गवताच्या गठ्ठ्यांची घरं बांधली. आपल्याकडे २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' आली. छतातून किती उष्णता झिरपू द्यायची याची मर्यादा तिने घातली: दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅट. उघडा स्लॅब याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. त्यावर पेंढ्याचा दोन इंची कोरडा थर असेल, तर हिशोब मर्यादेच्या आत बसतो. आमच्या माळ्यावर तर पुरुषभर उंचीचा थर असे.

पण 'कोरडा' हा शब्द आपल्या खाडीकाठी महागात पडतो. पाणी हवेपेक्षा वीसपट जास्त उष्णता वाहून नेतं. थर ओला झाला की गारवा संपला, वर बुरशी आणि वाळवी. जुन्या घरांनी याचं उत्तर लांब पडवी, खाली उतरलेली वळचण आणि दर वर्षीची डागडुजी असं दिलं होतं. ती डागडुजी कोण करायचं, हे आमच्या पिढीने स्मरणरंजनात रमताना सोयीस्करपणे वगळू नये. शाकारणी पुरुषांची, ती वर्षातून एकदा. पोपडे लिंपणं, सारवणं, शेण गोळा करणं, माळा झाडणं हे आई, काकू, आत्या यांचं, आणि ते बाराही महिने. पक्कं घर झाल्याचा सर्वांत मोठा आनंद त्यांना झाला होता. उकाडा पत्करला, पण सारवण सुटलं म्हणून.

म्हणून नव्या फलकाला आमचा एकच सवाल आहे. थंडावा तू देशील, त्यात आम्हाला शंका नाही, तो आम्ही उपभोगला आहे. पण नवी मुंबईचे चार पावसाळे तू कुणाच्या हाताची वाट न बघता काढशील का? काढलेस, तर आमच्या आया-काकवांपेक्षा तू खरंच काही जास्त केलंस असं आम्ही मानू.