कोड, कुष्ठ आणि पांढरे डाग

मराठीत 'कोड' या एकाच रूपात दोन शब्द नांदतात. एक लाडाचा, कोडकौतुकातला. दुसरा अंगावरच्या पांढऱ्या चट्ट्यांचा. पहिला उच्चारताना आवाज मायाळू होतो, दुसरा उच्चारताना खाली येतो. आमच्या घरात तर तो उच्चारलाच जात नसे. तुळजापूर तालुक्यातल्या माझ्या आत्तेबहिणीच्या हातांवर चट्टे उमटले, तेव्हा थोरली माणसे एवढेच म्हणत, "तिच्या अंगावर 'ते' आलंय." तिचे लग्न तर लांबलेच, पण धाकटीला पाहायला येणारेही चौकशी करून परत फिरले. सर्वनामाने नामाची जागा घेतली, तरी भीती जागची हलली नाही.

ही भीती कुठून आली, हे शब्दाच्या व्युत्पत्तीतच दिसते. 'कोड' हा संस्कृत 'कुष्ठ'चा वंशज आहे. हिंदीतला 'कोढ़' त्याचाच भाऊ. पण तिकडे त्याचा अर्थ महारोग, आणि आपल्याकडे पांढरे डाग. आयुर्वेदाने 'कुष्ठ' या नावाखाली त्वचेचे अठरा विकार गणले आणि पांढऱ्या डागांना 'श्वित्र' हे वेगळे नाव दिले. अथर्ववेदात त्यासाठी 'किलास' आहे. म्हणजे भेद जुन्यांना ठाऊक होता. लोकव्यवहारात मात्र तो पुसला गेला आणि 'श्वेतकुष्ठ' या जोडशब्दाने दोन निराळ्या व्याधी एकाच दोरीत बांधल्या.

वास्तविक त्या दोघींचा काही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला, आणि आज औषधोपचाराने तो रोग पूर्ण बरा होतो. त्याच्या चट्ट्यावर संवेदना हरपते. पांढऱ्या डागांवर ती शाबूत असते. तिथे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटते. ती एखाद्यातच का उलटते, मध्येच का थांबते, हे अजून पुरते उलगडलेले नाही; पण हे डाग स्पर्शाने पसरत नाहीत, हे निश्चित आहे. तरीही नावातल्या 'कुष्ठा'ने या माणसांवर परक्या रोगाचा कलंक लादला. तो कलंक किती जड होता, याचा पुरावा कायद्यातही आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, आणि ते वगळायला 2019 साल उजाडावे लागले.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या 'श्वेता असोसिएशन' या स्वमदत गटाने 'पांढरे डाग' असा साधा शब्दप्रयोग रुजवला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (2006) हा चित्रपटही याच विषयावर आहे. 'पांढरे डाग' हे नाव डोळ्यांना जे दिसते तेवढेच सांगते, निवाडा करत नाही.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. नवे नावही कालांतराने मळत नाही काय? 'महारोग' जाऊन 'कुष्ठरोग' आला, तरी रोग्याला गावाबाहेर ठेवणारे हात तेच राहिले. उलट बाबा आमट्यांच्या संस्थेने 'महारोगी सेवा समिती' हे नाव तसेच ठेवले, आणि आनंदवनातल्या कामाने त्या शब्दालाच प्रतिष्ठा आली. तेव्हा शब्द कठोर आहे एवढ्यासाठी तो बदलावा, हे मला पुरेसे वाटत नाही. 'श्वेतकुष्ठ' टाकायचे ते कठोर म्हणून नव्हे, खोटे म्हणून. कठोर शब्द माणसाच्या वागण्याने मऊ होऊ शकतो. खोटा शब्द कितीही प्रेमाने उच्चारला तरी खोटाच राहतो.

नावे राजपत्राने बदलतात आणि जिभेवर सावकाश रुळतात, हे आम्हा धाराशिवकरांना सांगायला नको. 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले. पण कागदावर 'उस्मानाबाद' होते तेव्हाही कित्येक म्हातारी माणसे 'धाराशिव'च म्हणत, आणि आज पाटीवर 'धाराशिव' असताना कित्येकांच्या तोंडी 'उस्मानाबाद' येते. व्याधीच्या नावाला तर राजपत्रही नसते. ते घराघरांतून, एकेका तोंडून बदलावे लागते.

आत्तेबहिणीच्या भाचीलाही डाग आहेत. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या लग्नाचा परिचयपत्रक स्वतः लिहिला. उंची, शिक्षण, नोकरी, आणि त्याखाली एक ओळ : 'हातांवर पांढरे डाग आहेत.' ती ओळ खोडावी, असा आग्रह घरात झाला. तिने खोडली नाही.