सोबतीचा वार

'वार लावून जेवणे' म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. वाचकहो, आपल्यापैकी जे वयाने वडील आहेत त्यांना ते सांगावयास नको. आजोबांच्या नाही तर पणजोबांच्या आठवणींत आपण ते कधी ना कधी ऐकलेले असते. खेड्यातला गरीब मुलगा शिकण्यासाठी पुण्यास किंवा सांगलीस येई, कोणाच्या तरी ओसरीवर वळकटी टाकी आणि सात घरी सात वार लावून घेई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा भरला म्हणजे त्याच्या शिक्षणाची निम्मी काळजी मिटे. सातातला एखादा वार मिळाला नाही, तर त्या दिवशी पाणी पिऊन निजावयाचे. ही सोय सर्व जातींच्या मुलांना सारखी मिळत नसे, हेही येथेच सांगितले पाहिजे. म्हणून तर कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्याचे काम हाती घेतले.

नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड बंगळुरास आले, तेव्हा हीच चाल कर्नाटकातही होती असे मला कळले. कानडीत तिला 'वारान्न' म्हणतात. बंगळूरच्या मोठेपणात अशा निराधार विद्यार्थ्यांचा वाटा फार आहे. विश्वेश्वरय्या येथील सेंट्रल कॉलेजात शिकले ते मुलांच्या शिकवण्या करून. १८८१ साली बी. ए. झाल्यावर ते इंजिनिअरिंगसाठी आपल्या पुण्यास गेले. पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले एच. नरसिंहय्या १९३५ साली गौरीबिदनूरजवळच्या आपल्या खेड्यातून शाळेसाठी बंगळुरास आले, ते पायी चालत. प्रवाशांना नि विद्यार्थ्यांना टेकावयास जागा असावी म्हणून गुब्बी तोटदप्पा नावाच्या व्यापाऱ्याने रेल्वे स्टेशनासमोर धर्मशाळा बांधविली, ती तोटदप्पांचे छत्र म्हणून आजही प्रसिद्ध आहे. एके काळी शहरातला बेघर म्हणजे पुष्कळदा विद्यार्थीच असे. आज विद्यार्थी चार भिंतींच्या आत आहे आणि बेघर कोणी दुसराच आहे. ह्या दोघांची गाठ पडते तेव्हा काय होते, ते मी आपल्या घरातूनच पाहिले. तेच आपणास सांगावयाचे आहे.

माझी धाकटी बहीण जत तालुक्यात दिलेली. तिचा मुलगा २०२१ साली इंजिनिअरिंगसाठी येथे आला आणि आमच्याकडेच राहिला. जतकडच्या घरांत मराठीइतकीच कानडीही चालते, त्यामुळे त्याला ह्या शहरात परके वाटले नाही. दुसऱ्या वर्षी तो आणि त्याचे मित्र शुक्रवारी रात्री पुलावाची पुडकी घेऊन कृष्णराजेंद्र मार्केटकडे जाऊ लागले. लोक ह्याला सिटी मार्केट म्हणतात. वर उड्डाणपूल, खाली भाजीच्या गोण्या, फुलांचे ढीग, हातगाड्या आणि त्यांच्या मधूनच झोपलेली माणसे. मुले पुडकी वाटीत, कोणी छायाचित्रे घेत आणि बाराच्या आत घरी परतत. छायाचित्रांविषयी माझे मत तेव्हाही बरे नव्हते. झोपलेल्या माणसाचे चित्र त्याला न विचारता घेऊ नये, एवढे तर कोणाच्याही घरी शिकविलेले असते.

तेथे रायचूर जिल्ह्यातून आलेली एक बाई होती. नवरा वारलेला, बरोबर आठ वर्षांची मुलगी. एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी निजत. माझ्या भाच्याची कानडी तिच्या मुलखाकडच्या वळणाची, म्हणून ती त्याच्याशी बोलू लागली. दोन-तीन शुक्रवार पुडके घेतल्यावर चौथ्या शुक्रवारी तिने ते परत केले. म्हणाली, "जेवणाची अडचण नाही, अण्णा. दहा रुपयांत कँटीनमध्ये जेवण मिळते. पहाटे तीनला फुलांच्या गाड्या येतात, मी गोण्या उतरवायला जाते. सहापर्यंत पोर एकटी असते. तेवढा वेळ तिच्याजवळ कोणी बसेल का?"

भाच्याने घरी येऊन मला हे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. बंगळुरास ऑगस्ट २०१७ मध्ये इंदिरा कँटीन निघाली. न्याहारीस पाच रुपये आणि जेवणास दहा, असा त्यांचा आरंभीचा दर. ज्याच्या हाताला काम आहे त्याला तेथे पोट भरता येते. ती बाई तर रोज कमावीत होती. मार्केटात निजणारे हमाल, गोण्या उतरविणाऱ्या बाया, हातगाडीवाले हे बहुतेक कष्टकरीच असतात. ते तेथे निजतात ह्याचे कारण काम तेथे आहे आणि ते अपरात्री आहे. चार मैलांवरच्या खोलीतून पहाटे तीनला कोणत्या बसने येणार? आणि रस्त्यावर निजणारा भीक मागत असेलच, असे आपण घरबसल्या धरून चालतो.

आता वाचकहो, पहाटे तीन ते सहा रोज कोणी बसावे? मुलांनी पुष्कळ चर्चा केली. कोणी म्हणे आळीपाळीने जाऊ, कोणी म्हणे जमेल तसे जाऊ. 'जमेल तसे' हे शब्द ऐकून मी मध्ये बोलले. त्यांना आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांचा गुरुवार एका विधवा बाईंकडे असे. त्यांच्या घरी कधी नुसती भाकरी आणि चटणीच असे, पण तीन वर्षांत त्यांचा गुरुवार एकदाही चुकला नाही. मोठ्या घरचा रविवार मात्र पाहुणे आले की बुडे. भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे आम्हीही वारच लावायचे." त्या रात्री स्वयंपाकघरातल्या कागदावर सात वार लिहिले गेले, आणि आठवड्याभरात प्रत्येक वारापुढे दोन-दोन नावे आली. चौदा मुलेमुली, चार महाविद्यालयांतली. प्रत्येक जोडीत एक तरी मुलगी हवी, ही अट त्या मुलीच्या आईची होती आणि ती अगदी योग्य होती. फुले विकणारी एक म्हातारी जवळच बसे, तिची नजर सर्वांवर असे. मुलांनी जवळच्या पोलीस चौकीत जाऊन आपली नावेही देऊन ठेवली.

हे वाचून कोणा आईच्या पोटात गोळा येईल, तर मी तिला हसणार नाही. माझ्या बहिणीचा तर रोज फोन येई. "शिकायला पाठवलंय की राखणीला?" असे तिने मला विचारले. दोन महिन्यांवर परीक्षा आल्या तेव्हा ती रागावलीच. परीक्षेचे दोन आठवडे चौदापैकी नऊ जणांना येणे अशक्य होते. अशा वेळी काम बंद पडावयाचे, हे विद्यार्थ्यांच्या सेवेतले जुनेच दुखणे आहे. जून ते फेब्रुवारी उत्साह, मार्चमध्ये शुकशुकाट. गरिबाच्या गरजेला सुट्टी नसते आणि विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाला ती असते. त्या दोन आठवड्यांत भाच्याचा शुक्रवार मी घेतला, आणि बुधवार त्याच्या वर्गमैत्रिणीच्या आईने. थर्मासमधून चहा आणि विणकाम घेऊन मी त्या पायरीवर बसले. पोर माझ्या शालीचा कोपरा मुठीत धरून झोपली. साडेपाचला शेवंतीच्या गोण्यांचा वास सगळीकडे भरला, आणि तिची आई पाठीवरच्या रिकाम्या गोणपाटासह परत आली. आम्ही दोघींनी चहा घेतला. माझी कानडी मोडकी, तिला मराठी येत नाही. तरी पुष्कळ बोलणे झाले.

बंगळुरास असे काम पूर्वी झालेच नव्हते असे कोणी समजू नये. १९८० साली क्रिस्तु ज्योती महाविद्यालयात धर्मशास्त्र शिकणारे सेल्शियन पंथाचे काही विद्यार्थी रस्त्यावरच्या मुलांना भेटण्यास जाऊ लागले. शिकवावयास किंवा सुधारावयास गेले नाहीत, आधी मैत्री करावयास गेले. त्यातून 'बंगळूर ओणियवर सेवा कूट' ही संस्था उभी राहिली. 'ओणि' म्हणजे गल्ली. गल्लीबोळांत राहणाऱ्यांची सेवा करणारी मंडळी, असा नावाचा अर्थ. मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रयोगातून जून १९९६ मध्ये मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला, तोही रस्त्यावरच्या मुलांच्या सहवासातूनच. आज तो सरकार चालविते. रात्री एकटे, भ्यालेले मूल दिसले तर हा क्रमांक फिरवावा, पैसे पडत नाहीत.

सरकारची राष्ट्रीय सेवा योजना तर आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत, ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. तेव्हाचे शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव ह्यांनी पुढे १९७२ साली बंगळुरातच समाजविज्ञानाची एक मोठी संस्था स्थापन केली. ह्या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास द्यावेत असा नियम आहे. तास मोजण्यात गैर काही नाही, पण मला वाटते तासांबरोबर वारही मोजावा. एका दिवसात सात तास झाडलोट करणारा विद्यार्थी आणि सात आठवडे एकाच माणसाकडे तासभर जाणारा विद्यार्थी, प्रमाणपत्रावर दोघे सारखेच दिसतात. पायरीवर निजणाऱ्या माणसाला मात्र दोघांतला फरक चांगला कळतो.

आणि ओळख झाली म्हणजेच पुढची कामे सुचतात. आपल्या भाषेत 'ओळख' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घर नसलेल्या माणसाकडे दोन्ही नसतात: त्याला ओळखणारे कोणी नसते आणि ओळख पटविणारा कागदही नसतो. कागदाला पत्ता लागतो आणि पायरीला घरक्रमांक नसतो. मुलीला शाळेत घालावयाचे ठरले तेव्हा जन्मदाखला नव्हता. त्या चौदांपैकी कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने शोधून काढले की, शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. एका शाळेत नकार मिळाला. दुसऱ्या सरकारी कानडी शाळेच्या बाईंनी कायदा दाखविण्याच्या आधीच मुलीचे नाव लिहून घेतले.

आकडे थोडेच सांगते. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेच्या लोकांनी देशभर फिरून बेघरांची मोजणी केली, तेव्हा ती संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. त्यांतले निम्म्याहून अधिक शहरांतले. जे त्या रात्री दिसले नाहीत ते मोजले गेले नाहीत. शहरात एक लाख वस्तीमागे निदान शंभर जणांचा निवारा असावा, असे धोरण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ठरले. बंगळूरची लोकसंख्या त्या जनगणनेत ८४ लाख होती. म्हणजे ८,४०० माणसांची सोय हवी. निवारे त्या मानाने फार थोडे उभे राहिले, आणि जे आहेत त्यांची माहिती रस्त्यावर निजणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचविणे हे विद्यार्थ्यांना सहज जमणारे काम आहे. त्यापुढचे काम, म्हणजे मार्केटाला लागून, पहाटे तीनला दार उघडणारा निवारा मागणे, हे आपणा मतदारांचे आहे. चौदा मुले पायरीवर बसली म्हणून पायरीचे घर होत नाही.

त्या मायलेकींना दीड वर्षाने इतर दोन कामकरी बायांबरोबर भाड्याची एक खोली मिळाली, मार्केटापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. मुलगी शाळेत जाते. गणितात बरी आहे, अक्षर मात्र वाईट. माझा भाचा २०२५ साली शिक्षण पुरे करून पुण्यास नोकरीला लागला. जाण्यापूर्वी त्याने आपला शुक्रवार खालच्या वर्गातल्या एका मुलाला नेऊन दिला, त्या मुलाला तीन वेळा बरोबर नेऊन, सर्वांशी नावानिशी ओळख करून देऊन. त्याच पायरीवर आता दुसरी तीन मुले निजतात. सात वारांचा कागद अजून आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. दर जूनला त्यावरची नावे खोडून नवी लिहावी लागतात. ह्या वर्षी गुरुवारपुढे एकच नाव आहे.