मालकीणबाई

सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्ही १९८१ ते १९९२ अशी अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. तिथल्या मालकीणबाईंचे दोन नियम होते. रात्री नवानंतर नळाखाली बादली लावायची नाही आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमचं कॅलेंडर अकरा वर्षं खिडकीच्या कडीला लटकत होतं. खिडकी उघडली की वाऱ्यानं महिना उलटायचा. पावसाळ्यात कौलांतून गळायचं, तेव्हा तीन पातेली मांडून झोपायचं आणि मालकीणबाईंच्या नावानं बोटं मोडायची. भाडं होतं पासष्ट रुपये.

त्यामुळे २०१५ साली ह्यांनी जेव्हा म्हटलं, की तुझ्या फंडाचे पैसे आणि माझी ग्रॅच्युइटी मिळून एक फ्लॅट घेऊ आणि भाड्यानं देऊ, तेव्हा मला आधी त्या बाई आठवल्या. दारात उभ्या, कमरेला किल्ल्या.

हे एका रविवारी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला एक फ्लॅट बघून आले ते हरखूनच. दोन बेडरूम, गॅलरीतून डोंगर, खाली पोहण्याचा तलाव, आणि किंमत आवाक्यातली. मी म्हटलं, पुन्हा जाऊ, पण सकाळी साडेसहाला. गेलो तर गेटपाशी पाण्याचे दोन टँकर उभे. वॉचमन म्हणाला, "मावशी, हे रोजचंच." भोगवटा पत्र मिळालेलं नव्हतं. "दोन महिन्यांत येतंय," असं विक्रीच्या ऑफिसातला मुलगा सांगत होता आणि तेच त्यानं मागच्या वर्षीही कोणाला तरी सांगितलेलं होतं, हे त्याच इमारतीतल्या एका बाईंनी जिन्यात हळूच सांगितलं. डोंगर राहिला तिथंच.

शेवटी घेतला तो कर्वेनगरमध्ये, १९९८ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. एक बेडरूम, लिफ्ट नाही, गॅलरीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. हे चार दिवस घुम्यासारखे वागले. पण मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ, बसचा थांबा कोपऱ्यावर, महापालिकेचं पाणी दोन्ही वेळा. ऐन जुलैत, धो धो पावसात जाऊन मी बाथरूमच्या मागची भिंत हातानं चाचपून आले होते. पुढं दहा वर्षांत जेवढे म्हणून भाडेकरू बघायला आले, त्यांतल्या एकानंही गॅलरीतून काय दिसतं ते विचारलं नाही. पाणी किती वेळ येतं, स्कूटर कुठे लावायची, गीझर आहे का, कपडे कुठे वाळत घालायचे, एवढंच.

कागदांचं काम वकिलांवर सोपवलं, पण प्रत्येक कागद मी स्वतः वाचला. शिक्षिकेची खोड. तीस वर्षांचा सर्च, पहिल्या खरेदीपासूनचे सगळे इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर झालंय ना, थकबाकी नसल्याचा दाखला. विकणाऱ्या गृहस्थांचं कर्ज शिल्लक होतं, मूळ कागद बँकेत. मग तेवढ्या रकमेचा चेक त्यांच्या हातात न देता थेट कर्जखात्याच्या नावानं काढला आणि बोजा उतरल्याचं पत्र आल्यावरच उरलेले दिले. सोसायटीनं हस्तांतरासाठी "विकासनिधी" म्हणून पन्नास हजार मागितले. हे चेकबुक काढायला लागले होते, मी त्यांचा हात धरला. शहरात हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त पंचवीस हजार घेता येतं, हे सरकारनं २००१मध्येच ठरवून दिलेलं आहे. आम्ही पंचवीस दिले. सेक्रेटरी महिनाभर जिन्यात भेटले की मोबाइलकडे बघायचे.

आता गणित. फ्लॅट बेचाळीस लाखांचा. त्यावर सहा टक्के मुद्रांक, तीस हजार नोंदणी, दलाली, वकील, रंग, नळ, असं करत सेहेचाळीस लाखांच्या घरात गेलो. भाडं आलं साडेबारा हजार, म्हणजे वर्षाचं दीड लाख. त्यातून सोसायटीचे अठरा हजार, महापालिकेचा कर, एखादा रिकामा महिना, दलाल, दुरुस्ती वजा करा. हातात लाखाच्या आसपास. सव्वादोन टक्केही नाहीत, आणि बँक तेव्हा ठेवीवर आठ टक्क्यांच्या आसपास देत होती. "भाड्यातून हप्ता सुटतो" असं लग्नाकार्यात छाती फुगवून सांगणारे भेटतात. आम्ही कर्ज काढलं असतं तर हप्ता भाड्याच्या अडीचपट बसला असता. फ्लॅटची किंमत वाढली हे खरं, पण ती वाढ दुधाच्या पिशवीला उपयोगी पडत नाही.

पहिला भाडेकरू ओळखीतला. ह्यांच्या मित्राच्या चुलतभावाचा मुलगा. "कागद कशाला, घरचीच माणसं," असं हेही म्हणाले आणि मीही मान डोलावली. चार महिने भाडं वेळेवर आलं, पाचव्या महिन्यात उशिरा, सहाव्यात आलंच नाही. मग "डिपॉझिटमधून वळतं करा काकू" सुरू झालं. डिपॉझिट तीस हजारांचं. ते संपल्यावरही मुलगा घरातच, आणि एका सकाळी किल्ली शेजाऱ्यांकडे टाकून गेला. विजेचं बिल अकरा हजार चारशे थकलेलं. पोलिसांत जावं का, म्हणून वकिलांकडे गेले तर त्यांनी मलाच झापलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५. करार लेखी आणि नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलटं सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे तो मुलगा "भाडं दोन हजार ठरलं होतं" म्हणाला असता, तर ते खोटं पाडायचं काम माझं होतं. गेला ते उपकारच झाले म्हणायचे.

दुसऱ्या खेपेला रीतसर लीव्ह अँड लायसन्स. नोंदणीवाला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. भाडेकरू नवरा-बायकोचे अंगठे झटकन उठले. माझा उठेना. डावा, उजवा, पुसून, ओला करून. "काकू, तुमच्या रेषाच गेल्यात," तो म्हणाला. चौतीस वर्षं खडू आणि चाळीस वर्षं भांडी, कशानं राहणार? शेवटी व्हॅसलीन चोळून, अंगठा तिरका धरून, नवव्या वेळेला यंत्रानं मला मालकीण मानलं. खर्च किती? एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवरच्या दहा टक्के व्याजाच्या मिळून रकमेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे चारशेच्या आत, अधिक नोंदणीचे हजार. एवढ्यासाठी मी साठ-सत्तर हजारांना बुडाले होते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असं अजूनही लोक छातीठोक सांगतात. महाराष्ट्रात लागते. उलट मुदत संपूनही माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं भरपाई मागता येते, ते या कागदाच्या जोरावरच. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच दिवशी ऑनलाइन भरून टाकली.

ते जोडपं साडेतीन वर्षं राहिलं. दरवर्षी बाजारात दहा टक्के वाढ चालू असताना मी पाच घेतली. धाकट्या बहिणीनं मला भोळी ठरवलं. पण चौदा हजारांचं घर एक महिना रिकामं राहिलं, की महिन्याला हजार रुपये जास्त मिळवण्याची सगळी हौस फिटते, वर दलाल आणि रंग वेगळाच. नळ गळतोय असा फोन आला की मी त्याच दिवशी प्लंबर पाठवते. गळका नळ हा भाडेकरूचा नसतो, माझ्या स्लॅबचा असतो.

त्यानंतर तीन मुली आल्या, लातूरच्या दोघी, जळगावची एक. सोसायटीत कुजबुज झाली, "बॅचलर नकोत" म्हणून. मी कमिटीला शांतपणे कळवलं, करार आणि पोलिसांच्या माहितीची प्रत जोडून. भाड्यानं देताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगीसाठी हात जोडायचे नसतात. मग त्यांनी ना-भोगवटा शुल्क म्हणून महिना हजार लावले. तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमचं सेवाशुल्क अकराशे, म्हणून एकशे दहा. सरकारी निर्णयाची प्रत पुढं ठेवली तेव्हा सेक्रेटरींनी चहा विचारला, ही त्यांची शरणागती समजायची. महापालिकेच्या करात मात्र मी काही लपवलं नाही. स्वतः राहणाऱ्याला मिळणारी चाळीस टक्के सवलत भाड्याच्या घराला नसते, आणि कित्येकजण ती गुपचूप घेत राहतात. आयकरात भाड्यातून कर वजा करून उरलेल्याची तीस टक्के सूट मिळते, दुरुस्ती करा वा न करा. मला ती पुरते.

मार्च २०२०मध्ये मुली दोन-दोन कपडे घेऊन गावी गेल्या त्या गेल्याच. सामान आत, कुलूप बाहेर. भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला, असं सरकारनं एप्रिलमध्ये सांगितलं. मी निम्मंच घेत राहिले. जळगावच्या मुलीच्या वडिलांचं दुकान बंद होतं, त्यांच्याकडून पूर्ण मागायला जीभ रेटेना. फ्रिजमधल्या भाजीचा वास जिन्यात आला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकांनी फोन केला. दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून निभावलं. विश्वासाचा शेजारी असल्याशिवाय भाड्याचं घर सांभाळता येत नाही, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

त्या रिकाम्या महिन्यांत, वही घेऊन जमाखर्च मांडताना, वाड्यातल्या मालकीणबाई पुन्हा आठवल्या. आठ बिऱ्हाडं, सगळ्यांचं मिळून भाडं पाचशेच्या आतबाहेर. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या बिऱ्हाडांचं भाडं १९४०च्या पातळीला बांधून ठेवलेलं. कौलं शाकारायला गवंडी बोलावला की दोन-तीन महिन्यांचं भाडं तिथंच जाणार. नवऱ्याच्या माघारी त्या बाई हे कसं जमवत होत्या, हा प्रश्न आम्हा आठांपैकी कोणालाच अकरा वर्षांत पडला नाही. पातेली मात्र आम्ही मोजून मांडायचो. नळाचं मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

या जूनमध्ये नवा करार झाला. नोंदणीवाल्यानं मसुदा वाचून दाखवला. सातवी अट, भिंतींना खिळे ठोकू नयेत.

"ही काढा," मी म्हटलं.

"काकू, ही छापीलच येते. सगळेच ठेवतात."

"काढा म्हटलं ना."

किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी हातोडी घेऊन गेले आणि दोन खिळे मीच ठोकले, एक स्वयंपाकघरात, एक हॉलमध्ये. हॉलमधला जरा वाकडा गेलाय, पण कालनिर्णय पेलेल.