सेंड-ऑफ आणि तीन दिवसांचे शिबिर

फेब्रुवारीतली गोष्ट. दहावीच्या सेंड-ऑफची तयारी चालली होती. वर्गणी किती काढायची, समोसे कुठून आणायचे, नात कोण पढणार, निजामत मुलगा करणार की मुलगी, असे नेहमीचेच प्रश्न. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "टीचर, आपल्याकडे प्रॉम का नसते?"

तिने मोबाइलवर कुठलीशी अमेरिकन मालिका पाहिली होती. हायस्कूल संपत आले की तिकडे एक संध्याकाळ ठरलेली असते. मुली लांब झगे घालतात, मुले भाड्याने सूट आणतात, हॉलमध्ये गाणी लागतात, नाच होतो. स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा एका सरांनी दोन्ही कानांना हात लावून तौबा केली. आम्हीही हसलो. पण मुलीला नाच नकोच होता. मधल्या सुट्टीत जवळ येऊन ती म्हणाली, "तिकडे त्या दिवशी आईबाप दारात उभे राहून फोटो काढतात, टीचर. आपल्या सेंड-ऑफला घरचं कुणी येतच नाही."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्याही सेंड-ऑफला कुणी आले नव्हते.

आम्ही 2006 च्या बॅचच्या. दाभोळच्या खाडीकाठचे गाव, उर्दू माध्यमाचे हायस्कूल, दहावीत चौदा मुली. त्या दिवशी युनिफॉर्मला सुट्टी होती, म्हणून ईदचेच कपडे पुन्हा घातले. तिलावत झाली, हम्द झाली, हेडमास्तरांनी बागेतल्या फुलांचा आणि माळ्याचा दाखला दिला. (तो दाखला आजही आमच्या शाळेत चालतो, आम्हीच देतो.) मग एकमेकींच्या स्लॅम बुकात लिहिणे. 'मोठेपणी काय होणार' या रकान्यात नऊ जणींनी 'टीचर' लिहिले, तिघींनी 'डॉक्टर'. एकीने तो रकाना कोराच ठेवला आणि खाली एक गुलाब काढला. तिला आम्ही भित्री म्हणून चिडवले. तिच्या घरी काय बोलणे चालले आहे हे तिला तेव्हाच ठाऊक असावे. चौदावीचे अक्षर आता लागत नाही.

परीक्षेचे केंद्र शेजारच्या गावातल्या मराठी शाळेत होते. आम्हाला गणितापेक्षा मराठीच्या पेपरची भीती. आता नवल वाटते, कारण घरात आम्ही कोकणी बोलतो, आणि आमची कोकणी मराठीची अगदी सख्खी बहीण. आजी मासळीवालीशी, कंडक्टरशी, तलाठ्याशी त्याच बोलीत भांडायची आणि जिंकायची. शाळेत मात्र बोलायचे ते उर्दूत. मराठी म्हणजे पुस्तकातली, निबंधातली, मार्क कापणारी भाषा. आजीची बोली आणि हा पेपर एकाच घरातले आहेत, असे आम्हाला शाळेत कुणी सांगितले नाही. आम्ही शिक्षिका झाल्यावरही कितीतरी वर्षे मुलांना ते सांगितले नाही, ही चूक आमची.

मे महिन्यात तालुक्याच्या गावी मुलींसाठी तीन दिवसांचे उन्हाळी शिबिर होते. सरांनी तीन नावे दिली. आम्ही दोघी, आणि ती गुलाब काढणारी. तिची बॅग भरून झाली होती. आदल्या रात्री निरोप आला, ती येणार नाही. तिचे वडील कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आले होते आणि रजा संपायच्या आत मंगनी उरकायची होती. आमच्या गावात मे महिना आंब्यांचा आणि लग्नांचा. परदेशातली माणसे तेव्हाच घरी असतात. कुणी कुणावर जुलूम करत होते असे नाही. रजेच्या तारखा होत्या.

शिबिरात आम्ही दोघीच ओढणीवाल्या. वर्गातली बाके सरकवून झोपायची सोय केली होती, त्याच वर्गात नमाजला कोपरा करून दिला. पहिल्या रात्री प्रत्येकीने उभे राहून स्वतःविषयी मराठीत बोलायचे होते. आमची पाळी आली आणि जीभ टाळ्याला चिकटली. एकटीने उभे राहणे जमेना, म्हणून दोघी एकदमच उभ्या राहिलो. शुद्ध मराठी आठवेना. शेवटी आजी फणसावरच्या वानरांना कशी हाकलते ते आजीच्याच बोलीत सांगून टाकले, शिव्या वगळून. आधी शांतता, मग हशा. गुहागरकडची एक मुलगी ओरडली, "अगो, आमची आजीपण अस्संच बोलते!" त्यानंतर तीन दिवस आम्हाला बोलायला उसंत मिळाली नाही.

परतलो तेव्हा ती वाट बघत होती. काय खाल्ले, कुठे झोपलात, त्या मुली कशा होत्या, सगळे दोनदा सांगावे लागले. जूनमध्ये चौदातल्या पाचजणी अकरावीला गेल्या. कॉलेज अठरा किलोमीटरवर, परतीची एसटी एकच. अठरा पुरी झाल्यावर, 2008 मध्ये, तिचे लग्न झाले.

आज अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो, आणि आमच्या बहुतेक मुली पुढे शिकतात. 2021 ची बॅच मात्र सेंड-ऑफविना आणि परीक्षेविनाच बाहेर पडली. ती मुले भेटली की अजून समोशांचा हिशेब मागतात.

यंदा आम्ही सेंड-ऑफचे आमंत्रण पालकांना पाठवले. चाळीस खुर्च्या मांडल्या, अकरा भरल्या. त्या अकरात ती होती. मुलगी दहावीत. कार्यक्रम संपल्यावर उन्हाळी शिबिराच्या संमतीपत्राचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो मराठी कागद वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत वाचला. "वडिलांची सही लागते का?" तिने विचारले. आईचीही चालते, आम्ही म्हणालो. तिने उर्दूत सही केली, पेन परत दिले, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळली.

"उशी तिथं देतात, की घरून न्यायची?"